उलट्या फिरणाऱ्या रिळांविषयी

मयूर विहार, दिल्ली
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुधाकर,

परवा तू दूरध्वनीवर जे सांगितलेस त्यात तीन चुका आहेत. तुझे शब्द जसेच्या तसे उतरवतो, म्हणजे नंतर वाद नको. तू म्हणालास, ‘यार श्रीरंग, चिरागने पिक्चरमध्ये दाखवलं तेच खरं होतं. उल्काला तूच हवा होतास. मी आपला मध्येच आलो. आता तिच्या डोक्यातलं बाकी सगळं पुसलं गेलं आणि खरं तेवढं उरलं.’ एवढे बोलून तू नाक शिंकरलेस आणि गुरुग्रामच्या हवेमुळे सर्दी झाल्याचे सांगितलेस. सर्दीविषयी मी काही म्हणत नाही. नोव्हेंबरात इथे सगळ्यांनाच होते. परंतु आधीची तिन्ही विधाने चुकीची आहेत, आणि ती तुझ्या मनात तशीच राहू देणे मला शक्य नाही.

त्याच फोनवर तू एक विनंती केलीस. दर रविवारी संध्याकाळी मी तुमच्या घरी यावे, उल्का मला आपला नवरा समजते आहे तर समजू द्यावे, आणि तासभर तसे बसावे. तेवढा वेळ तू खाली बागेत जाऊन बसशील. ‘डॉक्टर पण म्हणाले, तिचं म्हणणं खोडू नका. चलो, तिला त्यात सुख आहे ना, मग मला बिल्कुल चालेल.’ मी ‘पत्राने कळवतो’ म्हणालो तेव्हा तू हसलास. हसण्यासारखेच आहे; अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मेट्रोच्या अंतरावर राहणाऱ्या मित्राला टपालाने उत्तर देणारा दुसरा कोणी या शहरात उरला नसेल. पण बोलताना माझे वाक्य अर्धवट राहते आणि तू ते तुझ्या सोयीने पूर्ण करतोस. म्हणून लिहून देतो आहे. विनंतीचे उत्तर शेवटी आहे. पाने उलटून ते आधी वाचायचे नाही.

पहिली चूक चित्रपटाविषयी. चिराग तुझा मुलगा आहे आणि माझ्या अंगाखांद्यावर खेळलेला आहे, तेव्हा त्याच्याविषयी मी आकसाने लिहीन असे तू मानणार नाहीस. चित्रपटाचे नाव मी लिहीत नाही, कारण त्यात एकही मराठी शब्द नाही. गोष्ट अशी की, गाण्यांचे वेड असलेला एक तरुण गुरुग्रामच्या काचेच्या मनोऱ्यात नोकरी करतो आणि घराच्या भिंती कॅसेटींनी भरतो. प्रत्येक प्रेयसीला तो निवडक गाण्यांची एक कॅसेट भरून देतो आणि प्रत्येक प्रेयसी ती परत करते. असे चार प्रेमभंग. चौथ्यानंतर तो पहिलीचा शोध घेत निघतो, तोवर तिचे लग्न एका ढेरपोट्या सरकारी नोकराशी ठरलेले असते. त्या गृहस्थाला भूप राग म्हटले की भूक आठवते. मुलगी अंगाला हळद लागलेली असताना मांडव सोडून पळते आणि गच्चीवर, ३१ डिसेंबरला, गाण्यांच्या वेड्याशी तिचे लग्न लागते. लोक खळखळून हसले. चित्रपट चालला याचा मला मनापासून आनंद आहे.

परंतु तो वेडा मी आहे, ती मुलगी उल्का आहे, आणि वधू पळाली तरी मांडवात गुलाबजाम खात राहिलेला तो सरकारी नोकर तू आहेस, हे त्या चित्रपटगृहात आपल्या रांगेतल्या प्रत्येकाला कळले होते. सगळ्यांत मोठ्याने हसलास तू. उल्का घरी जेवताना लेकाला जुन्या गमती सांगत आली, त्यांतून त्याने हे उभे केले. मध्यंतरात तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘काका, थोडं फिक्शनलाइज केलंय, चलेगा ना?’ मी त्याला एवढेच सांगितले की टेपरेकॉर्डरची रिळे उलटी फिरत आहेत. माझेच मशीन त्याने चित्रीकरणासाठी नेले होते. त्यावर भरलेले रीळ डावीकडे असते आणि फीत उजवीकडच्या रिकाम्या रिळावर जाते. चित्रपटात बरोबर उलट. म्हणजे फीत मागे गुंडाळली जात आहे, आणि तरीही गाणे वाजते आहे, शब्दही सुलटे ऐकू येत आहेत. असे जगातल्या कोणत्याही यंत्रावर होत नाही. चिराग म्हणाला, ‘कोणाच्या लक्षात येणार आहे, काका?’ आणि पॉपकॉर्न आणायला गेला. बाकीच्या दुरुस्त्या मी त्याला सांगितल्याच नाहीत. माझा प्रेमभंग एकच. उरलेले तीन पटकथेच्या गरजेपोटी आले.

तेव्हा उल्काचा विसर सुरू झालेला होता, पण आपण सगळे त्याला वय म्हणत होतो. पुढे तो चित्रपट घरच्या टीव्हीवर आला. त्याच्यासमोर ती शांत बसते, जेवण अंगावर सांडत नाही, दाराकडे धावत नाही, हे लक्षात आल्यावर तिला सांभाळणारी पार्वती तो दुपारी लावू लागली, आणि मग संध्याकाळीही. लेकाचे नाव पडद्यावर आले की उल्का बोट दाखवते, हे मी स्वतः पाहिले आहे. जे रोज डोळ्यांपुढे घडते ते आपलेच, असे तिला वाटू लागले यात तिचा काय दोष? एके दिवशी तिने तुला विचारले, ‘आमच्या ह्यांचं नाव श्रीरंग. तुम्ही ओळखता का त्यांना?’ आणि तू म्हणालास, ‘हो, चांगला मित्र आहे माझा.’ हे तू मला सांगितले नाहीस. पार्वतीने सांगितले, पदराने डोळे पुसत.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी तुझ्या बोलावण्यावरून आलो. कशासाठी ते तू सांगितले नव्हतेस. दार उल्काने उघडले आणि म्हणाली, ‘अहो, किती उशीर. मेट्रोला गर्दी होती का?’ सुधाकर, मी दारातच उभा राहिलो. आयुष्यभर मी साहेब, काका, कुलकर्णीजी, सर अशी संबोधने ऐकली. हे कोणी वापरलेले नव्हते. ऐकायला कसे वाटले हे लिहिण्यासारखे नाही, आणि वाईट वाटले असे लिहिले तर ते खोटे होईल. आत गेल्यावर ती तुझ्याकडे वळून फार अदबीने म्हणाली, ‘तुम्ही निघा आता, घरी वाट बघत असतील.’ तू ‘हो हो, निघतोच’ म्हणालास, चपला घातल्यास आणि स्वतःच्या घराचे दार हळूच ओढून घेऊन गेलास. तासाभराने मी खाली उतरलो, तेव्हा तू मुलांच्या झोपाळ्याजवळच्या बाकावर बसला होतास. हातात टीव्हीचा रिमोट होता. गडबडीत तसाच घेऊन आला होतास. ‘झालं?’ एवढेच विचारलेस. मी तडक स्थानकाकडे चालू लागलो, याचा तू जो अर्थ लावलास तोही बरोबर नाही.

आता दुसरी चूक: उल्काला मी हवा होतो. हे तुला पटवण्यासाठी मला मागे जावे लागेल. करोल बागेतली आपली गच्चीवरची बरसाती तुला आठवत असेल; एक खोली, एक स्टोव्ह, आणि मायदेशी परत जाणाऱ्या एका वकिलातीतल्या बाईंकडून मी घेतलेले ते मशीन, ज्याला तू ‘तुझी बायको’ म्हणायचास. दिवसा मी मंत्रालयात अनुवाद करायचो आणि संध्याकाळी दिल्लीत जिथे कोणी मराठी माणूस गात असेल तिथे ते मशीन घेऊन जायचो. उचलायला तू. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मराठी मंडळाच्या सभागृहात आपण दोघे ते घेऊन शिरलो, आणि मी वायर सोडवत असताना तू समोरच्या मुलीला विचारलेस, ‘ताई, प्लग कुठे आहे हो?’ ती ताई उल्का. वडील रेल्वे बोर्डात, घर पहाडगंजात, गळा असा की पहिल्या ओळीला माझा हात ध्वनीच्या बटणावरून निघाला. प्रत्येक ध्वनिमुद्रणाआधी दिनांक, वार, स्थळ आणि गायकाचे नाव स्वच्छ उच्चारायची माझी पद्धत तेव्हापासूनची. ती ऐकून उल्का म्हणाली होती, ‘हे गाण्याआधी बातम्या का देतात?’

नंतरचे वर्षभर मी तिची गाणी टिपत राहिलो. शब्दांचे उच्चार मी दुरुस्त करायचो हे खरे आहे. चित्रपटात नायिका त्याला कंटाळून निघून जाते, ते खरे नाही. उल्काला ते आवडायचे आणि ती माझ्याही चुका काढायची, कारण ताल तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचा. मंडळातले सगळे आमचे ठरलेच आहे असे धरून चालले होते. मीही धरून चाललो होतो. तिने हो म्हटले नव्हते. नाहीही म्हटले नव्हते.

मग तिच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. हिंदूराव रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, ती चांगली झाली, आणि डॉक्टरांनी कित्येक आठवडे एक शब्दही बोलायचा नाही असे बजावले. ती गळ्यात दोरीने पाटी अडकवून हिंडायची. त्याच जानेवारीत मंडळाची बस पानिपतला काला अंबला गेली. दर वर्षीप्रमाणे स्मारकापुढे सगळे उभे राहिले, कोणी लढाईत पडलेल्यांची नावे घेऊन रडले, कोणी डबे उघडले. परतीच्या वाटेवर बसमध्ये भेंड्या सुरू झाल्या. उल्काची पाळी आली आणि सगळ्यांची नजर तिच्या गळ्यातल्या पाटीकडे गेली. मी तयारीनिशी गेलो होतो. बॅटरीवर चालणारे छोटे मशीन मांडीवर घेतले आणि तिच्याच आवाजातले, हवे त्या अक्षराचे गाणे लावले. बसने टाळ्या वाजवल्या. उल्काने खिडकीकडे तोंड केले. दुसऱ्या पाळीला मी पुन्हा लावले, तेव्हा तिने पाटीवर लिहून ती माझ्यासमोर धरली: ‘बंद करा.’

तिसऱ्या पाळीला तू उठलास. मागच्या बाकावरून, एका हाताने दांडी धरून, म्हणालास, ‘उल्काताईंच्या वतीने मी,’ आणि एक जुने भावगीत गायला लागलास. त्याला गाणे म्हणणे मला आजही जड जाते. चाल तिसऱ्याच गाण्याची होती, दुसऱ्या कडव्याचे शब्द तू जागच्या जागी बनवलेस आणि त्यांत करनालचा ढाबा आणि तिथले पराठे आले. उल्का हसायला लागली. आवाज काढायला बंदी, म्हणून आवाज न करता हसत होती, दोन्ही हातांनी गळा धरून, डोळ्यांतून पाणी वाहत होते. दिल्ली येईपर्यंत प्रत्येक पाळीला तू गायलास. माझ्या मांडीवर मशीन होते आणि त्यातले काहीही मी ध्वनिमुद्रित केले नाही, कारण ते ठेवण्याजोगे आहे असे मला वाटले नाही. माझ्याजवळ तिचे गाणे होते, मी ते दिले. ज्याच्याजवळ जे असेल ते तो देतो. यात चूक कोणती, हे मला तेव्हा कळले नाही, आणि खरे सांगायचे तर आजही नाही.

मार्चमध्ये तिला बोलायची परवानगी मिळाली. तपासणी करून आम्ही रुग्णालयाबाहेरच्या टेकडीच्या वाटेने उतरत होतो. आवाज परत आला होता, पण खरखरीत, मधूनच विझणारा. मी विचारले. सरळ वाक्यात विचारले, काहीही संदिग्ध ठेवले नाही. ती थोडी चालली आणि म्हणाली, ‘श्रीरंगराव, तुमच्यापुढे बसलं की आधी आपला घसा साफ आहे का ते बघावं लागतं. सुधाकरपुढे मी खोकले तरी चालतं.’ मी ते वाक्य कितीदा तरी मनात फिरवून पाहिले आहे. त्यात एकही शब्द बदलण्यासारखा नाही.

इथे तुझी तिसरी चूक येते, की तू मध्ये आलास. तू तिला विचारलेस ते एप्रिलमध्ये, आणि विचारण्याआधी तीन रात्री मला जागवून ‘तुझं काही नाही ना? यार, खरं सांग’ असे छळलेस. मी ‘नाही’ म्हणालो. ते उत्तर अचूक होते, कारण तोवर माझे काही उरले नव्हते. टेकडीच्या वाटेवर तिने तुझे नाव घेतले होते, हे मी तुला आजवर सांगितलेले नाही. तू विचारले असतेस तर सांगितले असते. तू विचारले नाहीस. जन्मभर आपल्याला मित्राचे उरलेले मिळाले अशा समजुतीने मला दिवाळीला चिवडा पाठवत राहिलास, आणि मला वाटत राहिले की एवढे तर याला ठाऊकच असेल.

आता ताज्या घटना, ज्यांचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे आणि तू नाहीस, कारण तू तेव्हा रिमोट घेऊन खाली बसला होतास. पहिल्या रविवारी उल्काने स्वतः चहा केला, पार्वती गॅसपाशी उभी होती. मी बिनसाखरेचा चहा पितो, हे ती विशीत असल्यापासून जाणते. मला कधीही तिने साखरेचा दिलेला नाही. त्या दिवशी कपात दोन चमचे साखर आणि किसलेले आले होते. कप ठेवून म्हणाली, ‘गुडघ्याला तेल लावलंत का सकाळी? नसेल लावलं. सांगितल्याशिवाय एक काम होत नाही तुमच्याच्याने.’ माझे गुडघे उत्तम आहेत. नंतर तिने बशीत पापडाचे तुकडे करून दिले, मोठे बाजूला काढून, कारण ‘तुमची दाढ दुखते’. सुधाकर, दाढ तुझी. आले तुझे. मी ते सगळे खाल्ले आणि प्यायलो.

दुसऱ्या रविवारी मी मनाशी काही ठरवून आलो होतो. काय ते आता महत्त्वाचे नाही. नवा सदरा घातला होता एवढे सांगतो. तिची मनःस्थिती चांगली होती. टीव्हीवर ते गच्चीवरचे लग्न चालले होते, पण ती तिकडे बघत नव्हती. माझ्या बाहीला धरून म्हणाली, ‘ते म्हणा ना, पानिपतच्या बसमधलं.’ मला क्षणभर वाटले की तिला ती सगळी दुपार आठवली, आणि आता ती मला ओळखेल, खरा जो आहे तो. मी घसा साफ केला आणि ते भावगीत म्हणू लागलो. तुला माहीत आहे, मी गायक नाही, पण स्वर चुकत नाही आणि शब्द तर नाहीच. पहिले कडवे पुरे होण्याआधी तिने मान हलवली. ‘असं नाही,’ म्हणाली. ‘नेहमीसारखं म्हणा.’ मी पुन्हा सुरू केले. ती वाट बघत राहिली, मग बाहीवरचा हात काढून घेतला आणि पार्वतीला विचारले, ‘हे बरे नाहीत का आज?’

यावरून जे सिद्ध होते ते मी स्पष्ट लिहितो. चित्रपटाने तिच्या मनातले फक्त नाव बदलले. माणूस बदललेला नाही. साखर, गुडघे, दाढ, पराठ्यांचे ते भयंकर गाणे, हे सगळे जिथे होते तिथेच आहे, आणि त्यावर चिकटवलेली चिठ्ठी तेवढी माझी आहे. तू म्हणतोस की बाकीचे पुसले गेले आणि खरे उरले. वाक्य बरोबर आहे. त्याचा अर्थ तुला उलटा लागला.

तुझ्या विनंतीचे उत्तर: मी येणार नाही. कोणाच्या तरी नवऱ्याच्या खुर्चीत बसून त्याच्या वाट्याची साखर पिणे या वयात मला झेपत नाही, आणि झेपले असते तरी मी ते केले नसते. येत्या रविवारी तू खाली जायचे नाहीस. ती ‘निघा’ म्हणाली तर चपला घाल, दाराबाहेर जा, घंटा वाजव आणि पुन्हा आत ये. ती ‘अहो’ म्हणेल. ओ दे. आपल्या पिढीतल्या बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत, त्यामुळे माझे नाव तुला फारसे आडवे येणार नाही, आणि कधी आलेच तर त्यालाही ओ दे. माझी हरकत नाही. मग ते गाणे म्हण. चाल चुकव, शब्द चुकव, पराठे विसरू नकोस. मी कोणाला चुकीचे म्हणायला सांगण्याची ही पहिलीच वेळ आहे, तेव्हा नीट चुकीचे म्हण.

सोबतच्या खोक्यात एक छोटा प्लेअर आहे आणि एक कॅसेट. मूळ रिळावरून मी ती उतरवून ठेवली होती. तुझ्या लग्नाची. आरंभी माझा आवाज आहे, दिनांक, वार, स्थळ. मग मंगलाष्टके, कोणाचे तरी रडणारे मूल, पंगतीचा गलका, आणि बायकांनी घातलेला नाव घ्यायचा आग्रह. उल्का आढेवेढे घेते, खोकते, आणि त्या फुटक्या आवाजात म्हणते: ‘गळा बसला तरी शब्द आहे खरा, सुधाकररावांचं नाव घेते, आता टेप बंद करा.’ मांडवभर हशा पिकतो आणि त्यात सगळ्यांत मोठा तुझा आहे. मग खट्ट असा आवाज येतो, तो मी बटण दाबल्याचा. तिची बाकीची सगळी गाणी माझ्याजवळ आहेत आणि राहतील, पण मी ऐकत आलो ती ही एवढीच फीत, कारण कितीही शोधले तरी संपूर्ण संग्रहात तिने मला उद्देशून उच्चारलेले शब्द हे शेवटचे चारच आहेत. त्याआधी तुझे नाव आहे, तेही मी इतकी वर्षे तिच्याच तोंडून ऐकले. आता ते तू ऐक. उल्काला ती ऐकव किंवा ऐकवू नकोस. तिला आवाज ओळखू येईलच असे नाही. मी ती तिच्यासाठी पाठवत नाही. त्या बाकावर बसून तू ज्या गोष्टीला खरे म्हणायला लागलास ती कधी घडलीच नव्हती, हे तुला तिच्याच आवाजात कळावे, म्हणून हे पत्र. खालच्या तारखा जवळ ठेव. तू दर वर्षी घोळ घालतोस.

तुझाच,
श्रीरंग

दुरुस्त केलेल्या तारखा:

१. उल्काची पहिली भेट: चित्रपटात दिवाळीची पार्टी. वस्तुतः १२ सप्टेंबर १९७५, गणेशोत्सव. तिच्याशी आधी तू बोललास.

२. शस्त्रक्रिया: २० डिसेंबर १९७६. चित्रपटात ती नाहीच.

३. पानिपतची बस: १६ जानेवारी १९७७, रविवार. तू १४ म्हणतोस. त्या दिवशी आपण दोघेही कचेरीत होतो.

४. मी तिला विचारले: १२ मार्च १९७७.

५. तू तिला विचारलेस: ३ एप्रिल १९७७. क्रम नीट पाहा.

६. तुमचे लग्न: २७ नोव्हेंबर १९७७. तू दर वर्षी २८ला मिठाई आणतोस आणि ती दर वर्षी काही बोलत नाही. या खेपेस २७लाच आण.

७. गच्चीवरचे लग्न, ३१ डिसेंबर: अशी घटना नाही.